वेळेआधी सुटलेली गाडी

प्रिय मिनिटबाई,

या नावाने तुला आता ऑफिसात कुणी हाक मारत नसणार. तिथे तू मॅडम आहेस, वेळापत्रक विभागाच्या दारावर तुझ्या नावाची पाटी आहे. पण रागावलेल्या माणसाची समजूत काढायची तर जुन्या नावानेच सुरुवात करावी, एवढंच मला सुचतं. तेव्हा आधी नाक मुरडून घे आणि मग पुढे वाच. फोन तू उचलत नाहीस, ते एका अर्थी बरंच झालं. फोनवर चौथ्या वाक्याला माझा आवाज चढतो आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो, असं तुझे भावोजी पंचवीस वर्षं सांगत आलेत. कागदावर निदान ओरडता येत नाही.

आज संपाचा सव्विसावा दिवस. डेपोत गाड्या ओळीने उभ्या आहेत आणि काचांवर इतकी धूळ बसलीये की कुणीतरी माझ्या सात नंबरच्या काचेवर बोटाने 'बाई, उठा' असं लिहून ठेवलंय. कोण ते मला ठाऊक आहे, संप मिटला की बघते त्याच्याकडे. दर तीन दिवसांनी युनियनचे ब्रेकमामा दोन मेकॅनिक घेऊन आत जातात आणि बॅटऱ्या उतरू नयेत म्हणून एकेक इंजिन दहा-दहा मिनिटं चालू ठेवतात. पहारेकऱ्याची त्याला हरकत नाही, ऑफिसचीही नाही. गंमत अशी की त्या दिवशी गेटवर गर्दी दुप्पट असते. एरवी घरी बसणारे ड्रायव्हरसुद्धा येतात, चहाचा कप हातात धरून उभे राहतात आणि आवाज ऐकतात. माझ्या गाडीचा पंख्याचा पट्टा किंचित कुरकुरतो, तो आवाज मी पन्नास गाड्यांतून ओळखते. परवा तो ऐकला आणि डोळ्यांत पाणी आलं. धूर गेला, असं सांगितलं मी सगळ्यांना.

घरी माझा उपद्रव वाढलाय. भावोजींचं शिवणयंत्र दाराशी, मी त्यांच्या उजेडात. त्यांच्या मते मी घरात नुसती उभी राहिले तरी रस्त्यात आडवी लावलेली गाडी वाटते. सगळे डबे घासून झाले, पडदे धुऊन झाले, माळाही आवरला. माळ्यावर काय सापडलं ते पुढे सांगते. पगार नाही, पण यंत्र चालू आहे, तेव्हा आमची काळजी करू नकोस. करत असलीस तर.

संप कशासाठी आहे हे तुला मी सांगायचं म्हणजे हसूच आहे, वेळापत्रक तूच बनवलंस. पण एकदा माझ्या शब्दांत ऐक. आधी एका फेरीला पन्नास मिनिटं होती, सेहेचाळीस गाडी चालवायला आणि चार शेवटच्या थांब्यावर टेकायला. नव्या वेळापत्रकात फेरी सेहेचाळीसची झाली. बेचाळीस चालवायला आणि चार टेकायला. म्हणजे कागदावर आमच्या विश्रांतीतला एक सेकंदही कुणी काढला नाही. पण गाडी नीट चालवली तर सेहेचाळीस मिनिटं लागतातच. मग ती पोचते कधी आणि परत निघते कधी? पोचल्या पावली वळायचं. बायकांच्या मुतारीची किल्ली टाइमकीपरच्या केबिनमध्ये आणि मुतारी मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, हे तू लहानपणी पाहिलं आहेस. अजून तसंच आहे. आम्ही डेपोत सहा बायका. नवं वेळापत्रक लागल्यापासून सहाही जणी पाळीला निघताना पाणी पीत नाही. संपाचं खरं कारण एवढंच आहे, फलकावर मोठ्या अक्षरात लिहायला मात्र ते कुणाला जमलं नाही.

मला बोलणी करणाऱ्या पाच जणांत घेतलं ते मी फटकळ म्हणून. ब्रेकमामा युनियनचे अध्यक्ष झाल्यापासून फार जपून बोलतात, तेव्हा कुणीतरी तोंड टाकणारं हवं होतं. पंधराव्या दिवशी आम्ही त्या लांबलचक टेबलाच्या एका बाजूला बसलो आणि समोर मोठे साहेब. त्यांच्यामागे भिंतीपाशी खुर्चीत फाइल घेऊन तू. तू निळी साडी नेसली होतीस, मी तुला गेल्या वर्षी दिलेली. मला वाटलं, मुद्दाम नेसलीस. मी हसलेही तुझ्याकडे बघून. मग साहेबांनी तुझ्या हातून कागद घेतला आणि आमच्यापुढे सरकवला. गाड्यांमध्ये दोन वर्षांपूर्वी ती काळी पेटी बसवली ना, सुटल्याथांबल्याची वेळ टिपणारी, तिची नोंद होती. सात नंबर, सकाळच्या फेऱ्या, दोन वर्षांची सरासरी: बेचाळीस मिनिटं. साहेब अगदी शांतपणे म्हणाले, हे आम्ही ठरवलेलं नाही, तुमचेच ड्रायव्हर बेचाळीस मिनिटांत गाडी नेतात, मग सेहेचाळीस का मागता?

ब्रेकमामांनी टेबलावर हात आपटला. आकडे खोटे आहेत म्हणाले. गार खोलीत बसून आकडे शिजवणाऱ्यांना रस्ता कशाशी खातात ते माहीत आहे का, असं म्हणाले. साहेब म्हणाले, खोटे असतील तर सिद्ध करा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण सात नंबरची सकाळची पाळी माझी. तूही पाहिलंस. आणि ज्या जिभेसाठी मला तिथे नेलं होतं ती टाळ्याला चिकटली. बोलणी त्या दुपारी फिसकटली, आणि बाहेर वार्ताहरांना दोन्ही बाजूंनी सांगितलं की समोरच्यांची इच्छाच नव्हती.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्याकडून ऐकायचं राहिलंय. तू गेटमधून बाहेर पडलीस तेव्हा आमची शंभरेक माणसं तिथे होती. कुणीतरी ओरडलं, ती बघा आकडे शिजवणारी. आणखी दोघंतिघं बोलले, ते मी इथे लिहीत नाही. मी तुझ्यापासून दहा पावलांवर होते. एरवी माझ्या गाडीत कुणी म्हाताऱ्याला धक्का दिला तर मी गाडी बाजूला घेऊन त्याला खाली उतरवते. त्या दिवशी मी चपलेचा पट्टा नीट करत खाली वाकून राहिले. पट्टा नीटच होता. तू एकदा थांबलीस, माझ्याकडे पाहिलंस आणि गेलीस. त्याला आज अकरा दिवस झाले.

आता माळ्याचं सांगते. डब्याडुबड्यांच्या मागे तुझी गणिताची वही सापडली. कव्हर गेलंय, पण अक्षर तेच, मुंग्यांची रांग. तू नऊ वर्षांची होतीस, मी नवी नवी गाडी चालवायला लागले होते आणि आईची कायम दुपारपाळी. शाळा सुटली की तू शाळेच्या थांब्यावर माझ्या गाडीत चढायचीस, पुढच्या एकट्या सीटवर बसायचीस आणि पाळी संपेपर्यंत माझ्याबरोबर फिरायचीस. गणितं संपली की करायचं काय, म्हणून थांब्याथांब्याची वेळ लिहायला लागलीस. दवाखाना, तीन वाजून सात. पूल, तीन वाजून अकरा. आपले कंडक्टर दर फेरीला वाकून विचारायचे, काय मिनिटबाई, आज किती? तेव्हापासून तुझं तेच नाव पडलं. एकदा तू भर गाडीत म्हणालीस, ताई, आपण दीड मिनिट आधी निघालो. मी म्हटलं, गप्प बस, तुला काय कळतंय. सगळी गाडी हसली होती.

वही चाळता चाळता एका पानावर हात थांबला. त्या दिवसाची एकच नोंद आहे. 'शाळेचा थांबा. गाडी दोन मिनिटे आधी गेली. मी वेळेवर होते.' बाकी पान कोरं. तो दिवस मला लख्ख आठवतो. आरशात एक मुलगी धावताना दिसली होती, पाठीवर दप्तर उडत होतं. मला वाटलं, कुणीतरी आहे, मागची गाडी घेईल. शेवटच्या थांब्यावर गेल्यावर लक्षात आलं की पुढची सीट रिकामी आहे. तू तासाभराने चालत घरी आलीस, हातपाय धुतलेस, आईला काही सांगितलं नाहीस. मीही विषय काढला नाही. तुझी माफी मागायची तेव्हाच राहिली, आणि मग मला ती न मागायची सवयच लागली.

खरं सांगायचं तर ते आकडे खोटे नव्हते, हे मला त्या टेबलाशीच कळलं होतं. बेचाळीस मिनिटं मीच केली. चार मिनिटांत मुतारी, चहा आणि पाठ टेकणं होत नाही, म्हणून मी वाटेत मिनिटं चोरायला शिकले. थांब्यावर वेळेआधी पोचले तर थांबून राहायचं नाही, सुटायचं. माणूस बसायच्या आत गिअर टाकायचा. लांबून कुणी हात केला तर न दिसल्यासारखं करायचं. असं करत शेवटी आठ मिनिटं हाती लागायची, आणि मला वाटायचं, काय हुशार आहे मी. ती काळी पेटी डोक्याशी बसवली तेव्हाही डोक्यात आलं नाही की ही सगळं लिहून घेतेय. तू तिने लिहिलं तेच मांडलंस. तू तर नऊ वर्षांची असल्यापासून तेच करतेस. आमची चार मिनिटं तू घेतली नाहीस गं, मीच ती दोन वर्षं थोडी थोडी करून ऑफिसला देऊन टाकली.

हे कळूनही मी आणखी दहा दिवस गप्प बसले. भीती वाटत होती. वेळेआधी गाडी सोडणं हा आमच्या नियमात उशिरापेक्षा मोठा गुन्हा आहे. प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगतात, गाडीला उशीर झाला तर प्रवासी निदान थांब्यावर उभा असतो, पण आधी गेली तर त्याच्यासाठी ती आलीच नाही. निवृत्तीला सहा वर्षं राहिलीत. वाटलं, आपल्याच हाताने आपल्या गळ्यात धोंडा कशाला बांधून घ्या.

माझं तोंड उघडलं ते काठीवाल्या आजींमुळे. त्या पुलाच्या अलीकडे राहतात. घरात बसवेना म्हणून मी एका सकाळी आपल्याच मार्गावरून पायी निघाले होते, आणि त्या थांब्यावर बसलेल्या. मी म्हटलं, आजी, संप आहे, गाडी यायची नाही. म्हणाल्या, ठाऊक आहे, पायाला सवय झालीये यायची. मग मला नीट न्याहाळून म्हणाल्या, तू ती सकाळची सात नंबरवाली ना? तुझी गाडी मला दोन वर्षांत कधी मिळालीच नाही बघ. पाटीवरची वेळ पाहून घरून निघते, इथे येते तर तू पुलावर चढलेली. दोनदा घड्याळ दुरुस्त करून आणलं. तो दुकानदार म्हणतो, आजी, घड्याळ उत्तम आहे, तुम्हीच हळू चालता. हे सांगून त्या खळखळून हसल्या. मी मात्र हसले नाही, त्यांच्या शेजारी बाकावर बसले. दोन वर्षं एक बाई घड्याळावर, स्वतःच्या पायांवर संशय घेत होती, आणि चूक माझी होती. तुझ्या वहीतलं वाक्यच त्या बोलत होत्या, मी वेळेवर होते.

मी आजींना तिथल्या तिथे सगळं सांगितलं. त्यांना राग आला नाही, उलट त्यांचा चेहरा उजळला. म्हणजे मी हळू चालत नाही तर, एवढंच त्या म्हणाल्या. आणि काठी टेकत घरी गेल्या, मला वाटतं जरा जोरातच.

काल सकाळी गेटबाहेरच्या संपाच्या तंबूत मी समितीपुढे उभी राहिले. आकडे खरे आहेत आणि ते माझे आहेत, असं सांगितलं. ब्रेकमामांनी कपाळावर हात मारला. अगं, मग आता संपाचं काय उरलं, म्हणाले. पंचवीस दिवस माणसं बिनपगारी बसली आहेत, ऑफिसला हे कळलं तर उद्या आपल्याला हसून हाकलतील. त्यांचं चूक नव्हतं. तेवढ्यात मागून उंटाने हात वर केला. उंट म्हणजे अकरा नंबरचा तो ताडमाड ड्रायव्हर. म्हणाला, माझी पाच मिनिटं होतात. बाजूची म्हणाली, माझी तीनच, पण मी बाजारचा थांबा गाळते. मग काय, बांध फुटला. तंबूत होते नव्हते ते सगळे बोलायला लागले. प्रत्येकाला वाटत होतं की ही युक्ती फक्त आपल्यालाच सापडलीये, आणि प्रत्येक जण ती दुसऱ्यापासून लपवत होता. शेवटी ब्रेकमामासुद्धा हसायला लागले. इतक्या दिवसांत त्या तंबूत कुणी हसलं असेल तर काल.

हसून झाल्यावर मामा गंभीर झाले आणि त्यांनी जे केलं ते मला जमलं नसतं. ते उठले, शर्ट झटकला आणि एकटे मुख्य ऑफिसात गेले. साहेबांना म्हणाले, तुमचे आकडे खरे आहेत आणि आम्ही त्या बाईंना जे बोललो ते खोटं होतं. पण आकडे खरे असले तरी ती गाडी खरी नव्हती. एकदा आमची गाडी नियमाप्रमाणे चालवून बघा. प्रत्येक थांब्यावर थांबू, म्हातारं माणूस बसेपर्यंत हलणार नाही, वेळेआधी सुटणार नाही. मग जे मिनिट येईल ते येईल. साहेबांनी म्हणे एवढंच विचारलं, हे लेखी द्याल? मामांनी तंबूत परत येऊन ते लिहून काढलं, आणि त्याखाली मी माझं नाव आणि बिल्ला नंबर लिहिला. माझ्यावर चौकशी बसेल कदाचित. बसू दे. रात्री मी कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.

आज सकाळी उत्तर आलं. गुरुवारपासून एक गाडी तीन दिवस चालवायची. सात नंबर, ड्रायव्हर मी, प्रवाशांना तिकीट नाही, आणि तिला संपफोडी म्हणायचं नाही. वेळ ऑफिसच्या माणसाने टिपायची आणि जो आकडा येईल तो दोन्ही बाजूंना मान्य. बेचाळीस आला तर आम्ही मुकाट्याने कामावर जायचं. वेळ कोण टिपणार असं साहेबांनी विचारलं तेव्हा मामांनी तुझं नाव सांगितलं. साहेब म्हणाले, त्यांनी तर वेळापत्रक विभागातून बदली मागितलीये, दहा दिवस रजेवर आहेत. हे मला मामांकडूनच कळलं. तू नऊ वर्षांची असल्यापासून जे काम करतेस ते तू माझ्या मौनामुळे सोडणार होतीस.

म्हणून हे पत्र. भावोजींच्या हाती पाठवतेय, ते उत्तरासाठी थांबणार नाहीत, त्यांना तसं बजावलंय. गेटवर मी खाली वाकले होते त्याची, आणि शाळेच्या थांब्याचीही, माफी मागते. बदलीचा अर्ज मागे घ्यायचा की नाही ते तू ठरव. पण गुरुवारी ये. पुढची एकटी सीट मी स्वतः पुसून ठेवीन. तुझी जुनी वही गाडीत असेल, निम्मी पानं अजून कोरी आहेत. बहीण म्हणून माझं एक सेकंदही झाकू नकोस, मी आरशातून तुझ्याकडे बघणारही नाही. आजींना सांगून आलेय, त्या पुलाच्या थांब्यावर असतील. गाडी पहिल्या थांब्यावरून सहा दहाला निघेल, सहा नऊला नाही. तू आरामात चालत ये, धावू नकोस. या वेळी मी थांबलेली असेन.

तुझीच,
सात नंबरवाली ताई